सार्वजनिक जमिनीवरील शिकारीची पूर्वतयारी: नकाशाचे डिजिटल थर कुठे मिळतात आणि ते कसे वाचावेत

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या माणसाला तिथली परवाना घेऊन होणारी शिकार सुरुवातीला अनोळखी वाटते. तिथे प्रत्येक राज्याचे वन्यजीव खाते प्राण्यांच्या संख्येचा अंदाज घेऊन दरवर्षी हंगाम आणि परवाने ठरवते आणि हे परवाने वापरण्यासाठी सर्वसामान्य माणसाला प्रचंड सार्वजनिक जमीन खुली असते. केंद्र सरकारच्या मालकीची जमीनच सुमारे ६४ कोटी एकर, म्हणजे देशाच्या भूभागाच्या साधारण २८ टक्के आहे. त्यातली सुमारे २४.५ कोटी एकर ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणजे बीएलएमकडे आणि सुमारे १९.३ कोटी एकर फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहे. मात्र ही जमीन सलग नाही. खाजगी कुरणे, राज्याच्या जमिनी, आदिवासी राष्ट्रांच्या जमिनी आणि राष्ट्रीय उद्याने यांच्यामध्ये ती तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली आहे आणि कुठला तुकडा कोणाचा, हे जागेवर उभे राहून कळत नाही. म्हणूनच हंगामाच्या कितीतरी आधी, घरी बसून नकाशावर करायचे काम हा शिकारीचा अर्धा भाग ठरतो.

या लेखात मी कोलोरॅडो राज्य आणि एल्क हा प्राणी डोळ्यांसमोर ठेवला आहे. एल्क हा काश्मीरच्या हंगुल या हरणाचा जवळचा नातलग असून कोलोरॅडोत त्याची संख्या सुमारे २ लाख ८० हजार मानली जाते. दुसऱ्या राज्यात खात्यांची नावे बदलतील, पण शोधण्याची रीत तीच राहील. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो: कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यापूर्वी शिकार-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. शिवाय तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना बंदूक बाळगण्यावर केंद्रीय कायद्याचे निर्बंध असून वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, तेव्हा आपली स्थिती जाणकार वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

प्रश्न चार आहेत आणि त्यांची उत्तरे एका थरात नाहीत

नकाशा उघडण्यापूर्वी आपण काय विचारत आहोत हे स्पष्ट असले पाहिजे. जमीन कोणाची आहे, तिथपर्यंत कायदेशीर वाटेने पोहोचता येते का, पोहोचल्यावर तिथे शिकारीची मुभा आहे का, आणि हंगामाच्या त्या दिवसांत प्राणी तिथे असण्याची शक्यता आहे का, असे हे चार प्रश्न आहेत. नवखा माणूस बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की उरलेल्या तिन्हींचे मिळाले असे धरून चालतो, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथून सुरू होतात. प्रत्येक थर, म्हणजे नकाशावर एकावर एक ठेवता येणारी एकेका विषयाची माहिती, ज्याला या कामातले लोक सरसकट लेयर म्हणतात, कुठल्यातरी खात्याने स्वतःच्या कामासाठी बनवलेला असतो. तो कोणी, कशासाठी आणि कधी बनवला हे समजल्याशिवाय त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

ऑनएक्स हंट, हंटस्टँड, गाया जीपीएस यांसारखी सशुल्क अ‍ॅप्स हे थर एकत्र करून सोयीस्कर रूपात देतात आणि रानात त्यांचा उपयोग मोठाच आहे. तरीही माझा आग्रह असा, की निदान एकदा तरी मूळ सरकारी थर स्वतः उतरवून घेऊन पाहावेत. अ‍ॅपमध्ये रंग तेवढा दिसतो. मूळ थराला जोडलेल्या तक्त्यात त्या रंगामागची नोंद, तिचा स्रोत आणि तिची तारीख दिसते. या कामासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते शिकायला वेळ द्यायचा नसेल, तर ब्राउझरमध्ये चालणारे कॅलटोपो हा मधला मार्ग आहे.

मालकीचे थर

सुरुवात बीएलएमच्या सरफेस मॅनेजमेंट एजन्सी या थरापासून करावी. जमिनीच्या पृष्ठभागाचा कारभार कोणत्या खात्याकडे आहे, एवढेच तो दाखवतो. त्यात बीएलएमची जमीन पिवळी, राष्ट्रीय वन हिरवे, राज्याची जमीन निळी आणि खाजगी जमीन पांढरी असते. हे रंग आता इतके रूढ झाले आहेत की बहुतेक अ‍ॅप्सही तेच वापरतात. आदिवासी राष्ट्रांची जमीन याच थरात वेगळ्या रंगाने येते. ती सार्वजनिक नव्हे आणि तिथला कायदा व परवाना त्या त्या राष्ट्राचा असतो, हे पक्के लक्षात ठेवावे.

दुसरा आणि अधिक तपशिलाचा स्रोत म्हणजे यूएसजीएस या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा पॅड-यूएस हा संग्रह. देशातील संरक्षित आणि सार्वजनिक जमिनींची ही एकत्रित नोंद राज्यवार मोफत उतरवता येते. ती उघडली की आत फी, डेझिग्नेशन, इझमेंट, प्रोक्लमेशन अशा नावांचे वेगवेगळे भाग दिसतात आणि इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. फी या भागात जमिनीची प्रत्यक्ष मालकी असते, म्हणून आपल्या कामाचा मुख्य भाग तोच. इझमेंट या भागात बहुतांशी अशा खाजगी जमिनी असतात, ज्यांच्या मालकांनी बांधकाम न करण्याचा करार केलेला आहे. संग्रहात त्या संरक्षित म्हणून दिसल्या, तरी त्यावर पाय ठेवण्याचा हक्क सहसा कोणालाही मिळालेला नसतो. प्रोक्लमेशन या भागात राष्ट्रीय वनाची घोषित हद्द असते. त्या हद्दीच्या आत शंभर वर्षांहून जुनी खाजगी कुरणे आणि खाणींचे पट्टे जागोजागी अडकलेले असतात, आणि केवळ बाहेरची रेघ पाहणाऱ्याला ते दिसतच नाहीत. फॉरेस्ट सर्व्हिसच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही प्रशासकीय हद्दीचा थर आणि मालकीचा थर असे दोन वेगळे थर मिळतात. आपल्याला हवा तो मालकीचा.

पॅड-यूएसच्या तक्त्यात पब-अ‍ॅक्सेस नावाचा एक स्तंभ आहे. त्यात ओए म्हणजे खुला प्रवेश, आरए म्हणजे अटींसह, एक्सए म्हणजे बंद आणि यूके म्हणजे माहिती नाही, असे चार संकेत येतात. प्रथम ओए आणि आरए एवढेच गाळून घ्यावे, मग आरएचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासावा. हा प्रवेश सर्वसाधारण असतो, शिकारीचा नव्हे. राष्ट्रीय उद्यानाला लाखो लोक भेट देतात, पण रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात शिकार करता येत नाही आणि त्याला लागून असलेल्या राष्ट्रीय वनात करता येते. दोघांमधली रेघ जमिनीवर बहुतेक ठिकाणी दिसत नाही.

राज्याच्या निळ्या तुकड्यांबाबत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने पश्चिमेकडील जमिनीची मोजणी सहा मैल गुणिले सहा मैलांच्या टाउनशिपमध्ये झाली. प्रत्येक टाउनशिपचे एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ सेक्शन पडले आणि कोलोरॅडोत त्यातले १६ आणि ३६ क्रमांकाचे सेक्शन शाळांच्या खर्चासाठी राज्याला मिळाले. नकाशावर ठरावीक अंतराने येणारे निळे चौकोन दिसतात ते त्यामुळेच. या जमिनी राज्याच्या असल्या तरी त्या सार्वजनिक वापरासाठी नसून उत्पन्नासाठी राखलेल्या आहेत, आणि त्यांना ट्रस्ट जमिनी म्हणतात. कोलोरॅडोत राज्याच्या वन्यजीव खात्याने, म्हणजे कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफने, भाडेपट्ट्यावर घेतलेल्या ट्रस्ट जमिनींवरच शिकारीला जाता येते आणि तेही ठरलेल्या तारखांनाच. शेजारच्या वायोमिंगमध्ये कायदेशीर वाट असलेल्या राज्याच्या जमिनी साधारणपणे शिकारीला खुल्या असतात. तेव्हा निळा रंग पाहून निर्णय घेऊ नये. खात्याने प्रसिद्ध केलेला, प्रवेश असलेल्या ट्रस्ट जमिनींचा स्वतंत्र थर घ्यावा.

खाजगी जमिनींच्या हद्दींसाठी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, असेसर (करआकारणी) कार्यालयाचे पार्सल म्हणजे भूखंडांचे थर असतात. आपल्याकडे सातबारा आणि गटाचा नकाशा जसा जोडीने पाहतात, तसेच तिथे पार्सलचा आकार आणि त्याला जोडलेली मालकाची नोंद जोडीने पाहायची असते. मोंटाना राज्याने सगळ्या काउंट्यांची ही माहिती कडॅस्ट्रल नावाने एकत्र करून मोफत ठेवली आहे. कोलोरॅडोत काउंटीच्या संकेतस्थळावर जाऊन शोधले तर ताजी प्रत मिळण्याची शक्यता अधिक. मात्र या रेघा करआकारणीसाठी ओढलेल्या असतात, मोजणीच्या नव्हेत. त्या प्रत्यक्ष हद्दीपासून अनेक मीटर सरकलेल्या असू शकतात, आणि मोकळ्या आकाशाखालीही साध्या फोनच्या जीपीएसमध्ये सुमारे पाच मीटरची चूक धरावीच लागते. कोलोरॅडोत जमीनमालकाने कुंपण घालणे किंवा पाटी लावणे बंधनकारक नाही. खाजगी जमिनीवर परवानगीशिवाय शिकार करणे हा पाटी नसली तरी गुन्हाच आहे. म्हणून हद्दीलगत शिकार करताना मी नकाशावरील रेघेच्या आत भरपूर अंतर सोडण्याचा सल्ला देईन.

वाट आहे का, हा खरा प्रश्न

सार्वजनिक जमीन पुष्कळ आहे, पण तिच्यातल्या मोठ्या भागाला पोहोचण्याची वाट नाही. ऑनएक्स आणि थिओडोर रूझवेल्ट कन्झर्वेशन पार्टनरशिप यांनी २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत पश्चिमेकडील केंद्र सरकारची सुमारे ९५ लाख एकर जमीन खाजगी जमिनींनी चहूबाजूंनी वेढलेली आढळली. नकाशावर असा पिवळा तुकडा सुंदर दिसतो. त्यात डोंगर असतो, पाणी असते, रस्ता मात्र नसतो.

यासाठी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे रस्ता. नकाशावर रस्त्याची रेघ आहे म्हणून तो सार्वजनिक असतोच असे नाही. खाजगी कुरणातून जाणारा रस्ता काउंटीच्या ताब्यातला असेल किंवा त्यावर वहिवाटीचा नोंदलेला हक्क असेल तरच त्यावरून जाता येते. काउंटीच्या रस्त्यांचा थर वेगळा मिळतो. तो पार्सलच्या थरावर ठेवून, राज्यरस्त्यापासून आपल्या सार्वजनिक तुकड्यापर्यंतचा प्रत्येक टप्पा बोटाने चालत जावा, तसा सावकाश पाहावा. कुठे रस्त्याचा क्रमांक संपतो आणि रेघ पुढे खाजगी पार्सलमध्ये शिरते, तिथे बहुधा फाटक असते.

दुसरी गोष्ट म्हणजे कोपरे. १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने रेल्वे कंपन्यांना लोहमार्गालगतचे एकाआड एक सेक्शन मिळाले आणि त्यातून बुद्धिबळाच्या पटासारखी मालकी तयार झाली. दक्षिण वायोमिंगमध्ये ती आजही ठळकपणे दिसते. अशा पटावर एका सार्वजनिक चौकोनातून तिरक्या दिशेच्या दुसऱ्या सार्वजनिक चौकोनात जायचे, तर दोघांना जोडणारा केवळ एक बिंदू असतो. वायोमिंगच्या एल्क माउंटन परिसरात मिझुरीहून आलेल्या शिकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा कोपऱ्यावर शिडी ठेवून, खाजगी जमिनीला पाय न लावता तो ओलांडला. त्यांच्यावर फौजदारी खटला झाला, त्यात २०२२ मध्ये ते निर्दोष सुटले आणि त्याच वर्षी जमीनमालकाने दिवाणी दावाही लावला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागातील राज्यांच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने १८८५ च्या अनलॉफुल इनक्लोजर्स कायद्याचा आधार घेऊन शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील अपील ऐकण्यास नकार दिला. हा निकाल वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या राज्यांच्या सर्किटपुरता आहे. मोंटाना दुसऱ्या सर्किटमध्ये येते आणि तिथले वन्यजीव खाते कोपरा ओलांडणे आजही बेकायदेशीरच मानते.

कायदा बाजूला असला तरी नकाशाचा प्रश्न उरतोच. अ‍ॅपमध्ये दिसणारा कोपरा हा खरा कोपरा असेल असे नाही. त्यासाठी बीएलएमचा पीएलएसएस नावाचा मोजणीचा थर घ्यावा. त्यात टाउनशिप आणि सेक्शनच्या रेघांबरोबर कोपऱ्यांचे बिंदूही असतात आणि बिंदूंच्या तक्त्यात त्यांच्या विश्वासार्हतेची नोंद असते. तरीही अंतिम पुरावा म्हणजे जमिनीत रोवलेली मोजणीची पितळी खूण. ती प्रत्यक्ष सापडली नाही, तर फोनवरच्या ठिपक्याच्या भरवशावर कोपरा ओलांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही राज्यांत खाजगी जमीनही शिकाऱ्यांसाठी खुली केलेली असते आणि ती मालकीच्या थरात पांढरीच दिसते. मोंटानाचे ब्लॉक मॅनेजमेंट, वायोमिंग आणि आयडाहोचे अ‍ॅक्सेस येस, कॅन्ससची वॉक-इन क्षेत्रे ही त्याची उदाहरणे आहेत. राज्याच्या वन्यजीव खात्याकडून त्यांचे थर दरवर्षी नव्याने मिळतात आणि गेल्या वर्षीचा थर यंदा वापरणे योग्य नाही, कारण करार बदलतात. टेक्सासमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी आहे. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी पश्चिमेसारखे पिवळे आणि हिरवे पट्टे शोधत बसण्याऐवजी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या वार्षिक सार्वजनिक शिकार परवान्याचा नकाशा पाहावा. त्या परवान्यात सुमारे १० लाख एकर जमीन येते.

गाडीचे रस्ते: एमव्हीयूएम कसा वाचावा

राष्ट्रीय वनात मोटारीने कुठे जाता येते हे मोटर व्हेइकल यूझ मॅप, म्हणजे एमव्हीयूएम ठरवतो. फॉरेस्ट सर्व्हिसच्या २००५ च्या नियमाने तो आला. तो कृष्णधवल असतो, त्यात डोंगरउतार किंवा झाडी फारशी दिसत नाही आणि त्यामुळे नवखे लोक तो बाजूला टाकतात. मात्र कायद्याच्या दृष्टीने हाच नकाशा प्रमाण आहे. एखादा रस्ता जमिनीवर स्पष्ट दिसतो, त्यावर बंदीची पाटीही नाही, पण एमव्हीयूएमवर तो नसेल, तर त्यावर मोटार नेता येत नाही.

कागदी किंवा पीडीएफ प्रतीत रस्त्याच्या रेघेची जाडी आणि ठिपके यांवरून तो सर्व वाहनांसाठी आहे की फक्त रस्त्यावर चालवण्यास परवानगी असलेल्या वाहनांसाठी, हे कळते. हंगामी रस्त्यांच्या क्रमांकांची यादी आणि त्यांच्या तारखा बाजूच्या तक्त्यात असतात. याच माहितीचा डिजिटल थर फॉरेस्ट सर्व्हिसच्या जिओडेटा क्लिअरिंगहाउसवर मिळतो आणि तिथे ती अधिक उपयोगी पडते, कारण प्रत्येक वाहनप्रकारासाठी एक स्तंभ आणि तो रस्ता कोणत्या तारखांदरम्यान खुला असतो हे सांगणारा दुसरा स्तंभ असतो. आपला हंगाम नोव्हेंबरात असेल आणि रस्ता ऑक्टोबरअखेर बंद होत असेल, तर तो रस्ता आपल्या दृष्टीने पायवाट आहे. हे वाईट नव्हे. ऑरेगॉनमधील स्टार्की प्रायोगिक वनात १९८९ पासून चाललेल्या अभ्यासांनी एल्क मोटारींच्या रस्त्यांपासून दूर राहतात हे वारंवार दाखवले आहे, त्यामुळे बंद रस्त्याच्या पलीकडचा डोंगर अधिक लक्षपूर्वक पाहावा.

बीएलएमच्या जमिनीसाठी त्यांचा रस्त्यांचा आणि वाटांचा स्वतंत्र थर असतो. वाइल्डरनेस, म्हणजे मूळ नैसर्गिक स्थितीत राखायची, म्हणून घोषित क्षेत्रांचा थरही याच टप्प्यावर जोडावा, कारण १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने तिथे मोटार आणि सायकल दोन्ही चालत नाहीत. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातून आलेल्या शिकाऱ्याला अशा क्षेत्रात मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी मार्गदर्शक किंवा स्थानिक रहिवासी सोबत असावा लागतो, तेव्हा तिथे हा थर केवळ माहितीचा राहत नाही.

क्यूजीआयएसमध्ये थर एकमेकांवर ठेवणे

आता हे थर एकत्र आणायचे. सर्वप्रथम राज्याच्या वन्यजीव खात्याकडून गेम मॅनेजमेंट युनिटच्या, म्हणजे ज्या विभागांनुसार परवाने दिले जातात त्यांच्या, हद्दींचा थर घ्यावा आणि परवाना ज्या युनिटचा आहे ते एकच युनिट निवडून बाकीचे सगळे थर त्या हद्दीत कापावेत. त्याने संगणकावरचा भार हलका होतो आणि युनिटबाहेरची जमीन नजरेआड होते.

त्यानंतर सगळे थर मीटरमध्ये मोजणाऱ्या एकाच नकाशा-प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एकाच पद्धतीत, आणावेत. कोलोरॅडोच्या बहुतांश भागासाठी ईपीएसजी या प्रक्षेपणांच्या यादीतला २६९१३ हा क्रमांक आणि ग्रँड जंक्शनसारख्या पश्चिम टोकाकडच्या भागासाठी २६९१२ वापरतात. हे आधी न केल्यास पुढे रस्त्यांभोवती १६०० मीटरचा पट्टा काढताना सॉफ्टवेअर तो आकडा अंशांचा समजते आणि उत्तर निरर्थक येते. जुन्या छापील टोपोशीटवरून घेतलेले बिंदू एनएडी २७ या संदर्भप्रणालीत असू शकतात. ते आजच्या नकाशावर तसेच ठेवले तर कित्येक दहा मीटरांनी सरकतात, तेव्हा त्यांचे रूपांतर करून घ्यावे.

मग एमव्हीयूएममधून आपल्या हंगामात खुले असलेले रस्ते गाळावेत, त्यांच्याभोवती १६०० मीटरचा, म्हणजे साधारण एक मैलाचा पट्टा काढावा आणि तो सार्वजनिक जमिनीच्या थरातून वजा करावा. उरते ती रस्त्यापासून एक मैलाहून दूर असलेली, कायदेशीर जमीन. पुष्कळ युनिटांमध्ये ती अपेक्षेपेक्षा फार कमी निघते आणि त्यामुळेच पाहण्याचे काम आटोक्यात येते. हा एक मैल काही नियम नाही. सुमारे तीनशे किलोंचा नर एल्क पडला तर त्याचे मांस पाठीवरून अनेक फेऱ्यांत बाहेर आणायचे आहे, हे ध्यानात ठेवून आपल्या अंगातल्या ताकदीप्रमाणे हा आकडा ठरवावा.

प्राणी कुठे असतील, याचे थर

उंचसखलपणासाठी यूएसजीएसच्या नॅशनल मॅपवरून थ्रीडीईपी या उंचीच्या संग्रहाची माहिती घ्यावी. दहा मीटरची सलग माहिती सगळीकडे मिळते आणि लायडार म्हणजे विमानातून लेसरने मोजणी झालेल्या भागात एक मीटरचीही मिळते. क्यूजीआयएसमध्ये तिच्यापासून उताराचा कोन आणि उताराची दिशा असे दोन थर तयार होतात. दिवसा एल्क बहुधा उत्तरेकडे तोंड असलेल्या, दाट झाडीच्या थंड उतारावर विसावतात, आणि तिथेही तीव्र उतारात मधेच आलेली सपाट पायरी त्यांना आवडते. म्हणून दिशा ३१५ ते ४५ अंश आणि कोन १५ अंशांपेक्षा कमी अशी अट घालून, आजूबाजूचा उतार मात्र तीव्र असलेल्या जागा शोधाव्यात. अशा जागा साध्या समोच्च रेषांच्या नकाशात चटकन नजरेत भरत नाहीत. एक मीटरच्या लायडारवरून बनवलेल्या छायांकित नकाशात त्या पायऱ्या, आणि कधी कधी झाडीखालच्या जुन्या लाकूडवाहतुकीच्या वाटाही, स्वच्छ दिसतात.

चाऱ्यासाठी जळालेल्या जंगलाचा थर फार मोलाचा आहे. एमटीबीएस या प्रकल्पात १९८४ पासूनच्या, पश्चिमेत १००० एकरांपेक्षा मोठ्या वणव्यांच्या हद्दी आणि दाहाची तीव्रता नोंदवलेली आहे. वणव्यानंतर झाडांची सावली जाते, काही वर्षे गवत आणि झुडपे जोमाने वाढतात आणि एल्क तिथे चरायला येतात. २०२० चा कॅमेरॉन पीक वणवा कोलोरॅडोच्या इतिहासातला सर्वांत मोठा, २ लाख ८ हजार एकरांहून अधिक. त्याची बाहेरची हद्द पाहून फारसे कळत नाही, कारण आत न जळलेली, अर्धवट जळलेली आणि पूर्ण जळलेली रानठिकाणे मिसळलेली आहेत. तीव्रतेचा थर लावून मध्यम दाहाचे पट्टे आणि त्यांना लागून शिल्लक राहिलेली दाट झाडी जिथे भेटतात, त्या कडा शोधाव्यात. फॉरेस्ट सर्व्हिसच्या कीड व रोग पाहणीचा थरही याच वेळी जोडावा. भुंगेऱ्यांनी मारलेली पाइनची झाडे आडवी पडलेल्या उतारावर चालणे अतिशय कष्टाचे असते आणि हे उपग्रहचित्रात नेहमी दिसत नाही.

कोलोरॅडोचे वन्यजीव खाते प्रत्येक प्रजातीच्या वावराचे थरही देते. त्यांतल्या शब्दांच्या व्याख्या वाचल्याशिवाय ते वापरू नयेत. उदाहरणार्थ, हिवाळी एकत्रीकरण क्षेत्र म्हणजे सरासरी दहांपैकी पाच हिवाळ्यांत जिथे घनता भोवतालच्या हिवाळी क्षेत्रापेक्षा किमान २०० टक्क्यांनी अधिक असते ती जागा. तीव्र हिवाळी क्षेत्र म्हणजे दहांपैकी दोन सर्वांत वाईट हिवाळ्यांत, बर्फ सर्वाधिक किंवा तापमान सर्वांत कमी असताना, ९० टक्के प्राणी जिथे असतात ती जागा. सप्टेंबरात धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याला हे दोन्ही थर जवळजवळ निरुपयोगी आहेत, त्याने उन्हाळी क्षेत्राचे थर घ्यावेत. नोव्हेंबरातल्या शिकाऱ्यासाठी महत्त्वाची असते ती उन्हाळी आणि हिवाळी क्षेत्रांमधली वाट, आणि त्यासाठी यूएसजीएसने २०२० पासून प्रसिद्ध केलेले, प्राण्यांच्या गळ्यात बांधलेल्या पट्ट्यांच्या जीपीएसवर आधारित स्थलांतर मार्गांचे थर उत्तम आहेत. बर्फ खाली येत चालला आहे का, हे सेंटिनेल-२ च्या १० मीटर उपग्रहचित्रांवरून काही दिवसांच्या अंतराने मोफत पाहता येते. पाण्यासाठी राष्ट्रीय जलथरातले झरे पाहावेत, पण बारमाही आणि हंगामी हा भेद तपासून, आणि कोरड्या वर्षी तर उपग्रहचित्राशी ताडूनच.

निघण्यापूर्वी

ठरलेली ठिकाणे, हद्दी आणि वाटा केएमएल किंवा जीपीएक्स या प्रकारच्या फाइलमध्ये काढून फोनवरच्या अ‍ॅपमध्ये घालाव्यात आणि संपूर्ण क्षेत्राचे नकाशे ऑफलाइन उतरवावेत. फोन एअरप्लेन मोडवर टाकून, घरातच, सगळ्यात जवळचे दृश्य उघडते का ते तपासावे, कारण पुष्कळदा दूरचे दृश्य साठवले जाते आणि जवळचे राहून जाते. एमव्हीयूएमची पीडीएफ प्रत अवेंझा या नकाशांच्या अ‍ॅपमध्ये वेगळी ठेवावी. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, म्हणून १:२४,००० प्रमाणातील कागदी प्रत आणि होकायंत्र सोबत असावे. पश्चिम कोलोरॅडोत चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारे ९ अंश पूर्वेला असते, ते होकायंत्रावर आधीच लावून घ्यावे.

शेवटी, निघण्याच्या आठवड्यात त्या भागाच्या रेंजर डिस्ट्रिक्ट कार्यालयाला फोन करावा. वणव्यामुळे बंद केलेले क्षेत्र, वाहून गेलेला पूल, लवकर लावलेले फाटक अशा गोष्टी कोणत्याही थरात वेळेवर येत नाहीत. फोनवर बोलताना रस्त्याचे क्रमांक आणि सेक्शनचे क्रमांक हाताशी ठेवले, तर पलीकडचा माणूस नेमके उत्तर देऊ शकतो.